धाकटीची मुकी पेटी

थोरली आणि धाकटी या जावा-जावा एका घरात एकतीस वर्षं राहिल्या आणि त्यातली तीस वर्षं त्यांनी एकमेकींना पाण्यात पाहिलं. पहिलं वर्ष बरं गेलं. तेव्हा नीट ओळख झाली नव्हती.

घर दुमजली. खाली थोरली आणि तिचा नवरा, वर धाकटी एकटी. धाकटीच्या नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झालेली, लेक नोकरीसाठी लांबच्या शहरात. जिना एक, पाण्याची टाकी एक, पत्रांचा डबा एक, आणि या तिन्हींवरून व्हायची तेवढी भांडणं होऊन चुकली होती. आता नवीन विषय हवा होता. तो वरच्या मागच्या खोलीने पुरवला.

थोरली सत्तरीची. तिने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला यंत्र, समोर वायरींचं जाळं, हातात पेन्सिल. कुणाचा फोन, कुठून आला, किती वाजता, हे चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी उभ्या खिळ्याला टोचायची. एक्स्चेंज बंद झालं, कान मात्र बंद व्हायचं नाव घेईनात. खालच्या स्वयंपाकघरात बसून ती सांगायची, "वर धाकटीने चमचा पाडला. छोटा." आणि असले कान घेऊन ही बाई चव्वेचाळीस वर्षं एका घोरणाऱ्या माणसाशेजारी झोपत आली होती.

हा माणूस म्हणजे धाकटीचे भाऊजी. ते दुपारी खुर्चीत घोरत आणि रात्री पलंगावर. "मी घोरत नाही, जरा मोकळा श्वास घेतो," असं ते म्हणायचे. त्या मोकळ्या श्वासाने खिडकीच्या काचा थरथरायच्या. थोरलीला म्हणून वरची मागची खोली हवी होती. जाड भिंती, एकच दार, आणि ते लावून घेतलं की जगाशी संबंध तुटला. तिला फक्त झोपायचं होतं.

धाकटीला तीच खोली हवी होती, कारण तिथे तिच्या नवऱ्याची पायपेटी होती. म्हणजे, असायची.

पायपेटी म्हणजे पायाने भाता मारत वाजवायची मोठी पेटी. धाकटीचा नवरा विजेचे मीटर वाचायचा. दिवसभर दारोदार पाय झिजवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा पायच चालवायचे. वाजवायचा काय, तर एकच चाल. चार ओळींची, त्याची स्वतःची, बिनशब्दांची. कधी लिहून ठेवली नाही, कुणाला शिकवली नाही. खालून थोरली झाडूच्या दांड्याने छताला ठोके द्यायची आणि हा वर त्या ठोक्यांचा ताल धरायचा. मग ती आणखी पेटायची.

तो गेल्यावर वर्षभराने धाकटी डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात गेली. दोन दिवसांनी डोळ्याला पट्टी लावून परत आली, तर मागच्या खोलीच्या भिंतीवर पायपेटीच्या मापाचा पांढरा चौकोन.

"वाळवी लागली होती," थोरली म्हणाली. "भंगारवाल्याला दिली."

"मला लागली असती तर मलाही दिलं असतंत?"

"तुला त्याने घ्यायला हवं ना."

त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींशी गोड बोलण्याचं नाटकही सोडून दिलं. पण धाकटीला काळजी वेगळीच होती. चाल निसटत चालली होती. पहिली ओळ पाठ, दुसरी पाठ, चौथी तर झोपेत विचारा. तिसरी मात्र हातातून ओला साबण सुटावा तशी सुटायची. ती वर चढते एवढं पक्कं. कुठे थांबते आणि कशी उतरते, ते दर खेपेला निराळं यायचं. नवऱ्याचे कपडे देऊन झाले होते, चपला देऊन झाल्या होत्या. ही चाल तेवढी राहिली होती, आणि ती जगात एकाच डोक्यात होती, तेही बासष्ट वर्षांच्या.

लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, आता पेटी आणायची गरज नाही. माझा जुना लॅपटॉप पाठवते, सगळे आवाज त्याच्यात असतात. तू फक्त कीबोर्ड कंट्रोलर घे. नुसत्या पट्ट्या. वायर जोडायची, हेडफोन लावायचा, वाजवायचं, ते आपोआप आत साठतं. बाहेर चिटपाखरालासुद्धा ऐकू जाणार नाही."

"जाऊबाईंना?"

"काकूचं सांगता येत नाही."

धाकटीने खाली जाऊन भाऊजींपुढे विषय काढला. भाऊजी आयुष्यभर गोदामाच्या वजनकाट्यावर होते. दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते म्हणाले, "दिवसा हिने वाजवावं, रात्री तू झोपावंस. एकच खोली, पाळीपाळीने."

"हिच्या खोलीत मी पाहुणी म्हणून झोपू?" थोरली कडाडली.

"यांच्या गादीला टेकून मी वाजवू?" धाकटीही त्याच दमात. सगळ्या वर्षांत दोघींचं एकमत झालं ते हे एवढंच.

शेवटी थोरलीनेच अट घातली. "एक महिना. खाली एकदा जरी आवाज आला तरी खोली माझी. नाही आला तर मी खोलीचं नाव काढणार नाही."

"चालेल."

"चालेल म्हणते! माझे कान ठाऊक आहेत ना?"

"घरातल्या पालींनासुद्धा ठाऊक आहेत."

दुसऱ्या दिवशी धाकटी वाद्यांच्या दुकानात गेली. पिशवीत दोन वस्तू. एक, वर्तमानपत्राची लांब पट्टी, खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये बसणाऱ्या टेबलाच्या मापाने कापलेली. दुसरी, जाड लोकरी बनातीचा तुकडा. धाकटी एकतीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होती आणि टाइपरायटरखाली बनात घातली की टेबल कमी कण्हतं, हे तिला बोटांनी ठाऊक होतं.

दुकान काचेचं, आत थंडगार, आणि छतातून कुणीतरी तावातावाने गात होतं. दुकानदाराने केस मागे बांधले होते. त्याने आधी तिच्या चपलांकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"नातवासाठी का?"

"माझ्यासाठी. कीबोर्ड कंट्रोलर."

"तुम्ही वाजवता?"

"तुम्ही विकता ना? मग दाखवा."

त्याने पहिला काढला तो पंचवीस पट्ट्यांचा, हातभरही नाही. शेजारी रबरी चौकोन, आणि सगळ्यांतून निळे-तांबडे दिवे लुकलुकत होते. "सध्या सगळे हाच नेतात."

"यात माझी चाल मावायची नाही. दुसऱ्या ओळीलाच काठावरून खाली पडेन. आणि हे दिवे कशाला? मला तो अंधारात शोधायचाय का?"

दुकानदाराने नाकाने श्वास सोडला आणि तिला आतल्या बाजूला नेलं. "हा अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा. खऱ्या पियानोसारखा. प्रत्येक पट्टीला आत हातोडी आहे, म्हणून बोटाला वजन लागतं."

धाकटीने एक हात काउंटरवर सपाट ठेवला, दुसऱ्याने पट्टी दाबली. पट्टी जड, सुरेख, बोटाला मान देणारी. पण काउंटरमधून तळहाताला धप्प असा धक्का आला.

"हा खाली ऐकू जाईल."

"खाली? खाली कोण आहे?"

"जाऊ."

तिने वर्तमानपत्राची पट्टी उलगडून कंट्रोलरवर अंथरली. दोन्ही बाजूंनी वीतवीतभर बाहेर. मग एकसष्ट पट्ट्यांच्या कंट्रोलरवर अंथरली, तोही चार बोटं जास्त. "टेबलाबाहेर लोंबकळेल. कोपर लागलं की खाली."

"टेबल बदला की."

"तुम्ही दुकान बदलता का, गिऱ्हाईक आवडलं नाही म्हणून?"

मग त्याने स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्यांचा दाखवला. मापात बसत होता. धाकटीने वाकून कान अगदी पट्ट्यांजवळ नेला आणि छताकडे बोट केलं. "त्या गाणाऱ्याला जरा गप्प करा."

"मॅडम, दुकानात गाणं लागतं."

"मला ऐकायचंय."

"याला आवाजच नसतो! तेच सांगतोय केव्हापासून. कंट्रोलरला स्वतःचा आवाज नसतो, तो कॉम्प्युटरमधून..."

"नसतो, ते मला ठाऊक आहे. किती नसतो ते बघायचंय."

दुकानदाराने गाणं बंद केलं. ते इतक्या जोरात बंद केलं की बटणच हातात यायचं. धाकटीने पट्टी दाबली. खाली जाताना काही नाही. सोडली, तर वर येताना टक्.

"जाताना गप्प आणि आल्यावर तोंड उघडणारे. असले दोन कारकून होते आमच्या कचेरीत. नको."

"बाई, हे खेळणं नाही. याचा टच बघतात, किती पट्ट्या, किती बटणं, ते बघतात. टकटक कुणी बघत नाही."

"कुणाकुणाच्या घरात टकटक ऐकणारी नसेल."

तेवढ्यात तिला खालच्या फळीवर एक काळा दिसला. एकोणपन्नास पट्ट्या, दिवे नाहीत, चौकोन नाहीत, कडेला एक चाक आणि अंगावर धूळ. तिने आपणच तो ओढून वर घेतला.

"तो डिस्प्लेचा पीस आहे. जुनं मॉडेल. कुणी घेत नाही."

"म्हणजे विकायचा नाही?"

"विकायचा आहे, पण..."

"मग पुसा."

त्याने पुसला, जणू तिच्यावर उपकार म्हणून. वर्तमानपत्राची पट्टी वर ठेवली तर काठाला काठ. धाकटीने दाबून पाहिलं. पट्टी खाली गेली ती गादीवर बोट टेकावं तशी, आणि वर आली तीही पाय न वाजवता. आत कुणीतरी शहाण्या माणसाने बनात घातली असणार. तिने दहाही बोटं टेकवली आणि कचेरीतलं रोजचं पत्र एका दमात टाइप करावं तशी पट्ट्यांवरून सपासप फिरवली.

"काय म्हणालात?" दुकानदाराने विचारलं.

"मी? काही नाही."

"आत्ता म्हणालात ना, आपले पत्र मिळाले म्हणून."

"छे हो."

त्याने मान झटकली, वायर कॉम्प्युटरला जोडली, एक हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला आणि दुसरा स्वतःच्या कानाला लावला. तिने चालीची पहिली ओळ वाजवली. दुकानदाराने हेडफोन उपटून काढला. "अहो! हातोडा आणलाय का घरून? जेवढ्या जोराने दाबाल तेवढा आवाज मोठा होतो. सगळंच फुल्ल!"

हे धाकटीला नवीन होतं, पण कळायला वेळ लागला नाही. कचेरीत एकच प्रत काढायची तर बोट हलकं; पाच कागद आणि मध्ये चार कार्बन घातले की बोट जड, शेवटच्या प्रतीपर्यंत अक्षर पोचायला हवं म्हणून. ती आत्ता पाच प्रतींच्या बोटाने वाजवत होती. तिने एका प्रतीचं बोट लावलं. सूर एकदम मऊ झाला. मग दोन प्रतींचं. मग तीन.

दुकानदार गप्प झाला. तो गप्प झाल्यावर त्याचा चेहरा बरा दिसत होता.

"हा द्या," ती म्हणाली. "आणि डिस्प्लेचा आहे म्हणून कमी करून द्या. धूळ मी विकत घेणार नाही."

पैसे घेऊन खोकं बांधताना तो म्हणाला, "वाद्य गप्प किती आहे असं विचारणारं गिऱ्हाईक दुकानात पहिलंच आलं."

"आणि वाद्यापेक्षा जास्त वाजणारा दुकानदार मीही पहिलाच पाहिला."

घरी जिन्याच्या पायथ्याशी थोरली उभीच होती. "काय आणलंस?"

"गप्प बसणारी वस्तू आहे. तुमच्या उपयोगाची नाही."

आता धाकटीने बंदोबस्त केला तो असा, की कुणी किल्लासुद्धा एवढा राखत नाही. टेबलाच्या चारी पायांखाली जुन्या गालिच्याचे तुकडे, कंट्रोलरखाली बनात, दाराच्या फटीला पायपुसणं, हातातली घड्याळाची साखळी काढून उशीखाली. रोज दुपारी चार वाजता ती हेडफोन लावून बसायची. कानात पायपेटीचा आवाज, लेकीने शोधून दिलेला, थोडा थोराड पण ओळखीचा. पहिली ओळ साठली. दुसरी साठली. तिसरीला रोज मार खायचा.

लॅपटॉप मोठा खडूस. जसं वाजवलं तसंच ऐकवायचा, एक सूर इकडचा तिकडे करायचा नाही. तिसरी ओळ वर चढायची, एकेक पायरी, थेट वरच्या टोकाच्या सुरापर्यंत, आणि तिथून उतरली की धाकटीला कळायचं, हे नव्हे. हे कुणा भलत्याच माणसाचं. पुसायचं, पुन्हा वाजवायचं. चढणं बरोबर वाटायचं, वरचा सूर बरोबर वाटायचा, आणि तरी सगळं मिळून खोटं. कधी उतरताना जलद, कधी सावकाश, कधी वळसा घालून. पंधरा दिवसांत तिने ती ओळ शंभर वेळा तरी पुसली असेल, आणि दर पुसण्याबरोबर खरी ओळ आणखी पुसट व्हायला लागली. रात्री ती विचार करायची, आपण हिला शोधतोय की घालवतोय?

एक समाधान होतं. खालून झाडूचा ठोका एकदाही आला नव्हता. थोरली जिन्यात भेटायची ती नुसती बघायची. कानामागे पेन्सिल. धाकटीला वाटायचं, जिरली.

महिना संपला त्या दिवशी चहा झाल्यावर भाऊजींनी दोघींना समोर बसवलं. धाकटी आधीच बोलली, "झाला महिना. पट्टीचा टक्क आवाज खाली आलेला नाही. हो की नाही, जाऊबाई?"

"पट्ट्यांचा नाही आला," थोरली म्हणाली आणि आतून तो खिळा घेऊन आली. एक्स्चेंजमधला, लाकडी बुडाचा उभा खिळा. त्यावर चिठ्ठ्यांची चवड. तिने चष्मा लावला आणि खालच्या चिठ्ठीपासून वाचायला घेतलं.

"मंगळवार. चार वाजून दहा. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरी चुकली. बुधवार. चार वाजून सात. तिसरी चुकली. पुन्हा चुकली. गुरुवार. चार वाजून पंधरा. तिसरी सहा वेळा, सहाही चुकल्या. शुक्रवार..."

"थापा!" धाकटी उठून उभी राहिली. "आवाज येणारच नाही! भाऊजी, वर चला, मी वाजवते, तुम्ही पट्ट्यांना कान लावा."

"पट्ट्या कोण म्हणतंय? तोंड! तुझं तोंड! भसाड्या गळ्याने गातेस तू. वर कानात बोळे घालतेस, म्हणून स्वतःला ऐकू येत नाही. गल्लीच्या टोकाला जातं ते!"

धाकटीने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी बशीकडे पाहत होते.

"मलाही ऐकू यायचं थोडंसं," ते म्हणाले.

"तुम्ही तर झोपलेले असता!"

"मी डोळे मिटून पडलेला असतो."

आता धाकटीला तिची कचेरी आठवली. लांबडा हॉल, त्यात बावीस टायपिस्ट आणि बावीस मशीनं. जे टाइप करायचं ते तोंडाने म्हणत जायचं ही तिची पहिल्या दिवसापासूनची खोड. शेजारणीचीही असेल, कुणाला ठाऊक. त्या गदारोळात कुणालाच कुणाचं ऐकू यायचं नाही. एकतीस वर्षं बोटं आणि जीभ एकाच दोरीने ओढलेली. दुकानदाराने सांगितलं होतं की, आपले पत्र मिळाले! तिने सगळं गप्प केलं, टेबल, दार, पट्ट्या, घड्याळाची साखळी. एक आपलं तोंड तेवढं मोजायचं राहून गेलं.

पण हार मानणं तिच्या स्वभावात नव्हतं. "कशावरून मी गायले? तुम्हाला भास होतात. वय झालंय. काय गायले ते तरी सांगता येईल का?"

हे विचारायला नको होतं. थोरलीने चष्मा काढला. चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. आणि समोरच्या भिंतीकडे बघत, एखाद्याचा निरोप पलीकडच्या माणसाला शब्दाला शब्द पोचवावा तशी, तिने चाल म्हणायला सुरुवात केली. नुसतं न-न-न करत. आवाज कोरडा, चेहऱ्यावर राग जसाच्या तसा. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसरी चढायला लागली, एकेक पायरी, आणि टोकाच्या एक पायरी खाली थांबली. तिथे थोरलीने दातांमधून हवा सोडली, फुस्स. मग तेवढाच वेळ काही नाही. आणि ओळ खाली उतरली, काही झालंच नाही अशी.

संध्याकाळ झाली, मीटरची वही खुंटीला लागली आणि तो माणूस येऊन स्टुलावर बसला, असं धाकटीला वाटलं.

"हे काय केलंत? फुस्स काय?"

"फुस्स काय! तुमच्या पेटीची वरची ती पट्टी मुकी होती ना. नुसती हवा जायची. तुझा नवरा चढत चढत यायचा, तिथे बोट ठेवायचा, फुस्स व्हायचं, आणि मग खाली यायचा. रोज! इतकी वर्षं! दुरुस्त करून घे म्हणून मी शंभरदा सांगितलं, तर म्हणायचा, आता चालीलाच सवय झालीय. आणि तू महिनाभर त्या पट्टीवर धाडकन जाऊन बसतेस! आवाज एक वेळ सोसला असता मी. चुकीचं सोसवत नाही. यांच्या घोरण्यातूनही चारला जो डोळा लागायचा, तोही गेला."

धाकटी खाली बसली. नवा कोरा कंट्रोलर, एकोणपन्नासच्या एकोणपन्नास पट्ट्या शाबूत, ही तिची केवढी फुशारकी! ज्या पट्टीने चाल घडवली ती मुकी पट्टी भंगारात गेली होती, आणि ती आता उरली होती कुठे, तर जिने भंगारात घातली तिच्या कानात. याहून मोठा अपमान शोधून सापडला नसता.

"भाऊजी," ती म्हणाली, "खोली यांची झाली."

"अगं, पण तोंडाचा आवाज धरायचा की..." भाऊजींनी काटा सरळ करायचा प्रयत्न केला. खोली थोरलीला गेली की सगळ्या गल्लीला घोरण्याचं कळणार, हेही त्यांच्या मनात असावं.

"खोली यांची. आजच घ्या." मग थोरलीकडे वळून, दातओठ खात, "पण तिसरी ओळ पुन्हा म्हणा."

"मी काय तुझी गाणारी बाई आहे?"

"खोली हवी का नको?"

"ती तर मी जिंकलेच आहे."

"मी आत बसले आणि कडी लावली तर जिंकून काय कराल? दारावर चिठ्ठ्या टोचाल?"

थोरलीने बराच वेळ तिला डोळ्यांनी सोललं. मग भिंतीकडे तोंड करून तिसरी ओळ म्हणाली. धाकटीने तीन वेळा म्हणायला लावली. चौथ्या वेळी थोरलीने नकार दिला आणि वर गादी न्यायला भाऊजींना हाक मारली.

असा धाकटीचा कंट्रोलर खाली आला. वरच्या पुढच्या खोलीत ठेवला असता, तर ती थोरलीच्या उशाशीच गायली असती. म्हणून तो आला बाहेरच्या खोलीत, भाऊजींच्या खुर्चीसमोरच्या मेजावर. त्यांची दुपारची झोप चारला भरात असायची. इकडे ते घोरायचे, तिकडे धाकटी हेडफोन लावून वाजवायची आणि मनसोक्त गुणगुणायची. तिला त्यांचं ऐकू येत नसे, त्यांना तिचं येत असलंच तर ते बोलत नसत. बावीस मशीनांचा हॉल तिला परत मिळाला, एकाच माणसात.

थोरली वर दार लावून निजली. दोन दिवस निजली. तिसऱ्या दिवशी धाकटी वाजवत असताना वरून जिन्याच्या कठड्यावरून काहीतरी गिरक्या घेत खाली आलं आणि तिच्या पायाशी पडलं. चिठ्ठी. पेन्सिलीने लिहिलेली.

"चार वाजून बारा. पुन्हा वरच्या पट्टीवर गेलीस. सांगून कळत नाही का?"

कळत होतं, पण बोटाला नाही. बोट चढायला लागलं की महिनाभराच्या सवयीने टोकापर्यंत जायचं. धाकटीने वर पाहिलं. कठड्याशी कुणी नव्हतं, नुसतं दार आपटल्याचा धक्का जिन्यातून पायाला कळला.

तिने चिठ्ठीची घडी घातली. घडीची घडी घातली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा ती चांगली टणक झाली. मग टोकाच्या त्या पट्टीखालच्या फटीत ती नखाने आत सारून दिली, पार बसेपर्यंत. दाबून पाहिलं. पट्टी हलेना.

आणि तिने लॅपटॉपवरचं लाल बटण दाबलं, एका प्रतीचं हलकं बोट लावलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तिसरी ओळ चढली, बोट वर पोचलं, थोरलीच्या चिठ्ठीवर टेकलं आणि तिथे काहीच वाजलं नाही. समोर भाऊजींनी तेवढ्यात एक मोकळा श्वास सोडला. मग ओळ खाली उतरली.